पावसाच्या जुन्या वह्या आणि सर गिल्बर्ट वॉकर



आज ज्यांचं चरित्र लिहिते आहे त्यांचं नाव आपण भूगोलात ओझरतं वाचतो आणि पुढे जातो. एल निनोचा विषय निघाला की 'वॉकर अभिसरण' हा शब्द येतो. डी.एड.च्या आधी बारावीला मी तो पाठ केला होता. हे वॉकर कोण, कुठले, त्यांचा आपल्या धानाच्या बांधीशी काय संबंध, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

विचारायची वेळ आली ती एका वहीमुळे. माझ्या आधीच्या शाळेत (गडचिरोली जिल्ह्यातलीच, नाव सांगत नाही) एका निवृत्त गुरुजींनी ठेवलेली पावसाची वही होती. जाड पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली. पावसाळ्यातला प्रत्येक दिवस, समोर मिलिमीटरमध्ये आकडा, आणि कडेला बारीक अक्षरात शेरा : रोवणी सुरू, नाल्याला पूर, मुले आली नाहीत. अशी कितीतरी वर्षं. चार्ज देण्याघेण्याच्या वेळी कपाट रिकामं करायचं होतं. खालच्या कप्प्याला उधई लागलेली. मी आणि अजून एक मॅडम भराभर गठ्ठे बांधत होतो. वही माझ्या हातात आली, मी दोन पानं चाळली, आणि रद्दीत टाकली. त्या वेळी मला ती जुनी वही वाटली, एवढंच.

पुढे सहावीच्या मुलांना पाऊस शिकवताना एकाने विचारलं, मॅडम, आपल्या गावात सगळ्यात जास्त पाऊस कोणत्या वर्षी पडला? तेव्हा ती वही आठवली. उत्तर तिच्यात होतं, आणि वही मीच घालवली होती. मग मी जुन्या पावसाच्या नोंदींविषयी वाचायला लागले आणि वाचता वाचता सर गिल्बर्ट वॉकर भेटले.

गिल्बर्ट थॉमस वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधल्या रॉचडेल या गावी झाला. (आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, त्यामुळे त्यांची जयंती कायम सुट्टीत येते.) शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत आणि मग केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात. १८८९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. तिथे पहिला येणाऱ्याला सीनियर रँग्लर म्हणतात. आपल्याकडे रँग्लर परांजपे यांच्यामुळे हा शब्द माहीत आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तोच मान दहा वर्षांनी, १८९९ साली मिळवून आले.

पण वॉकर यांची तब्येत अभ्यासाने पार ढासळली. पुढचे तीन हिवाळे त्यांना स्वित्झर्लंडमध्ये विश्रांतीसाठी काढावे लागले. तिथे ते बर्फावर स्केटिंग शिकले आणि त्यात तरबेज झाले. या माणसाला कशाचाही नाद लागायचा. केंब्रिजच्या मैदानावर ते बूमरँग फेकायचे, ते फिरून परत का येतं याचं गणित मांडायचे, आणि मित्र त्यांना गमतीने बूमरँग वॉकर म्हणत. बासरीचा नाद होता. पुढे शिमल्याला आल्यावर आकाशात पंख न हलवता घिरट्या घालणारे पक्षी तासन्‌तास बघायचे. शाळेत असता तर आपण प्रगतिपुस्तकात लक्ष विचलित होते असा शेरा मारला असता की नाही, सांगा.

आता त्या काळचा भारत बघू. १८७५ साली भारत सरकारने हवामान खातं सुरू केलं. त्याआधी १८६४ मध्ये कलकत्त्याला भयंकर चक्रीवादळ आलं होतं, नंतर दुष्काळ पडले होते. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातला बर्फ आणि पावसाळा यांचा संबंध शोधला. बर्फ जास्त पडला तर पुढचा पावसाळा कमजोर, असा त्यांचा अंदाज होता. त्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी अंदाज मोठे, सविस्तर आणि भारदस्त केले. १८९९ साली त्यांनी पाऊस सरासरीपेक्षा चांगला होईल असं सांगितलं. झालं उलटंच. त्या वर्षी पावसाने अशी पाठ फिरवली की १८९९-१९०० चा दुष्काळ देशातल्या सर्वांत भीषण दुष्काळांत मोजला जातो. आपला चांदा जिल्हा (तेव्हा गडचिरोलीही त्यातच, वेगळा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला) मध्यप्रांतात होता, आणि मध्यप्रांताला १८९६-९७ चा दुष्काळ झेलून तीन वर्षंही झाली नव्हती.

वर्तमानपत्रांनी खात्यावर झोड उठवली. त्यावर सरकारने काय करावं? पुढची काही वर्षं पावसाचा अंदाज गुप्त ठेवला. म्हणजे चूक झाली तर ती सुधारण्याऐवजी लोकांपासून लपवली. पेपर कठीण गेला म्हणून निकालच न लावण्यासारखं हे झालं.

अशा वेळी १९०४ साली एलियट यांच्या जागी वॉकर आले. वय पस्तिशीच्या आसपास. हवामानशास्त्राचं शिक्षण नाही. निव्वळ गणिती माणूस. आजच्या भाषेत, सेवाप्रवेश नियमात न बसणारी नेमणूक!

वॉकर यांनी एक गोष्ट लवकर ओळखली. हवेचं सगळं यंत्र कसं चालतं हे कागदावर समीकरण मांडून काढणं त्या काळी शक्य नव्हतं. पण नोंदी होत्या. मुंबईच्या कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. तिथे १८४० च्या दशकापासून हवेचा दाब, तापमान नेमाने लिहून ठेवलं जात होतं. आपले केरूनाना छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत कामाला होते. तेच पुढे पुण्यात शिकवू लागले आणि डेक्कन कॉलेजात टिळकांचे गुरू झाले. शिवाय देशभर पर्जन्यमापकं बसलेली होती. रोज सकाळी कुणीतरी कारकून, कुणी शिपाई, कुणी डॉक्टर भांड्यातलं पाणी मोजून इंचात आकडा लिहायचा. तो आकडा तालुक्याहून जिल्ह्याला, तिथून वर जायचा.

वॉकर यांनी हे आकडे मागवले. भारताचेच नाहीत, जगभरचे. मॉरिशस बेटावरचा हवेचा दाब, झांजिबारचा पाऊस, दक्षिण अमेरिकेतला दाब, हिमालयातला बर्फ. त्यांचा विचार असा की आपला पाऊस आपल्या आकाशात ठरत नाही, तो दूर कुठेतरी ठरतो आणि त्याच्या खुणा काही महिने आधी दिसायला हव्यात.

आता हिशेब कसा करायचा? तेव्हा संगणक हे यंत्राचं नव्हे, माणसाचं काम होतं. खात्यातले भारतीय लिपिक ओळीने बसून आकडे मांडायचे, गुणायचे, बेरजा घ्यायचे. एका ठिकाणचा दाब आणि दुसऱ्या ठिकाणचा पाऊस अशा दोन रकान्यांचा मेळ किती, हे काढायचं. याला सहसंबंध म्हणतात. मुलांना सांगायचं तर असं सांगा : वर्गातल्या प्रत्येक मुलाची उंची एका रकान्यात, वजन दुसऱ्या रकान्यात. उंची वाढते तसं वजन वाढतं का? अगदी बरोबरीने वाढत असेल तर उत्तर १. एक वाढताना दुसरं घटत असेल तर उणे १. काहीच ताळमेळ नसेल तर शून्य. वॉकर यांच्या माणसांनी अशी शेकडो उत्तरं काढली. त्या लिपिकांची नावं आपल्याला पुस्तकात सापडत नाहीत, सगळं श्रेय वॉकर या एका नावावर जमा झालं. मला हे खटकतं.

इथे वॉकर यांचा एक गुण मला फार आवडतो. शेकडो जोड्या तपासल्या की एखादी जोडी निव्वळ योगायोगानेही जुळते, हे त्यांनी ओळखलं. नारळ फोडून गेलेल्या वर्षी निकाल चांगला लागला म्हणून नारळामुळे लागला असं होत नाही. १९१४ साली त्यांनी यावर लेख लिहून खरा संबंध कोणता आणि योगायोग कोणता हे पारखायची कसोटी दिली. सूर्यावरच्या डागांमुळे पाऊस ठरतो हा त्या काळी गाजलेला समजही त्यांनी आकड्यांवर घासून पाहिला आणि तो संबंध फारसा भरवशाचा नाही असं सांगितलं.

आपल्या जंगलपट्ट्यातल्या लोकांना जवळचा वाटेल असा आणखी एक प्रश्न त्यांच्यापुढे आला होता. ओळीने वाईट वर्षं आल्यावर लोक म्हणू लागले की देशाचं हवामान कायमचं बिघडलं, जंगलं तुटली म्हणून पाऊस आटला. आजही आपल्या पारावर हेच बोलणं असतं. वॉकर यांनी १९१० साली जुन्या नोंदी काढून हे तपासलं आणि त्या नोंदींत कायमचा बदल दिसत नाही असं मांडलं. ते १९१० चं उत्तर होतं, आजचं नाही. पण प्रश्नाचं उत्तर आठवणीवर न ठेवता वहीत शोधलं, हे महत्त्वाचं. आठवण नेहमी म्हणते की आमच्या लहानपणी जास्त पाऊस पडायचा.

मध्येच एक गोष्ट सांगते, कारण ती शिक्षकांसाठी आहे. फेब्रुवारी १९१३ मध्ये वॉकर कामानिमित्त मद्रासला गेले होते. तिथे बंदराच्या कार्यालयात तीस रुपये पगारावर एक तरुण कारकून होता. त्याच्या गणिताच्या वह्या वॉकर यांना दाखवण्यात आल्या. त्यांनी त्या पाहिल्या आणि या मुलाला पोटाची चिंता न करता गणित करता यावं अशी सोय करा, असं पत्र मद्रास विद्यापीठाला लिहिलं. विद्यापीठाने महिना पंचाहत्तर रुपये शिष्यवृत्ती दिली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. वॉकर यांनी वहीतलं गणित स्वतः तपासलं असं नाही, तो विषय त्यांच्याही शाखेचा नव्हता. पण ही वही रद्दीची नाही एवढं त्यांना कळलं. हे वाचलं तेव्हा मला आपलं ते कपाट आठवलं, खोटं कशाला सांगू.

वीस वर्षं वॉकर या खात्यात राहिले. १९०८ साली लग्न झालं, एक मुलगा, एक मुलगी. पहिल्या महायुद्धात खात्यातली बरीच माणसं युद्धकामावर गेली, तरी आकडेमोड सुरूच राहिली. आणि हळूहळू त्या हजारो आकड्यांमधून एक चित्र वर आलं. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो, आणि तिकडे घटला की इकडे वाढतो. आपल्या अंगणवाडीतली सी-सॉ डोळ्यापुढे आणा. एक टोक दक्षिण अमेरिकेकडे, दुसरं आपल्याकडे आणि ऑस्ट्रेलियाकडे. या हेलकाव्याला त्यांनी दक्षिणी आंदोलन असं नाव दिलं. इकडचं टोक वर राहिलं, म्हणजे दाब जास्त, की आपला मान्सून बहुधा कमजोर.

१९२४ साली ते निवृत्त होऊन परत गेले. त्याच वर्षी त्यांना सर ही पदवी मिळाली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात दहा वर्षं प्राध्यापक होते आणि हेच काम पुढे चालवत होते.

आता खरं सांगायचं तर, ज्या कामासाठी त्यांना आणलं होतं ते पूर्ण झालं नाही. पाऊस किती पडेल हे आधी सांगणं त्यांच्या सूत्रांना नीट जमलं नाही. काही वर्षं बरोबर यायचं, काही वर्षं चुकायचं. पुष्कळ शास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. नुसते आकडे जुळवून काय होतं, असं का होतं याचं कारण कुठे आहे, हा त्यांचा सवाल होता. सवाल चुकीचा नव्हता. वॉकर यांच्याकडे कारण नव्हतंच. ४ नोव्हेंबर १९५८ ला नव्वदाव्या वर्षी ते वारले तेव्हाही नव्हतं.

कारण अकरा वर्षांनी सापडलं. १९६९ साली जेकब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने दाखवलं की पेरूच्या किनाऱ्याजवळचं समुद्राचं पाणी तापणं, म्हणजे मच्छीमारांचा एल निनो, आणि वॉकर यांचा दाबाचा हेलकावा या एकाच घडामोडीच्या दोन बाजू आहेत. प्रशांत महासागरावर पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या हवेच्या चक्राला त्यांनी वॉकर यांचं नाव दिलं. तेच आपलं वॉकर अभिसरण. २०१५ चा एल निनो आठवा, देशात सरासरीच्या ८६ टक्केच पाऊस झाला. २०२३ मध्ये पुन्हा एल निनो, ९४ टक्के. आता मे महिन्यात गावातला शेतकरीसुद्धा विचारतो, यंदा अल निनो आहे का जी?

पण मला या लेखात ज्यासाठी थांबायचं आहे ते वेगळंच आहे. वॉकर यांनी पाहिलं होतं की जगभरचे आकडे मिळवताना किती पत्रं लिहावी लागतात, किती दप्तरं उघडावी लागतात. प्रत्येक अभ्यासकाने ही वणवण का करावी? १९२० च्या दशकात हवामानशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन ठरवलं की जगातल्या जुन्या, लांब पल्ल्याच्या नोंदी एका जागी छापायच्या. वॉकर त्या प्रयत्नात होते. १९२७ साली अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने तो जाडजूड ग्रंथ छापला, नुसत्या आकड्यांचा. कथा नाही, चित्र नाही. पण कुणीही घ्यावा आणि हिशेब करावा. ज्या देशात पंचवीस वर्षांपूर्वी पावसाचा अंदाजही गुप्त होता, तिथल्याच नोंदी आता कुणालाही उघडून पाहता येत होत्या.

पुढे १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, चौकालाही तेच नाव. मुख्यालय नंतर दिल्लीला गेलं, पण देशभरच्या जुन्या नोंदी पुण्यातच सांभाळल्या जातात. आधी त्या छिद्रं पाडलेल्या कार्डांवर उतरवल्या, मग संगणकात. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. जुने आकडे इंचात, नवे मिलिमीटरमध्ये, आणि एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. एक दशांश चिन्ह सरकलं की वाळलेल्या गावात पूर येतो. सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस हा आदल्या चोवीस तासांचा असतो, म्हणून तो कोणत्या तारखेला लिहिला हेही बघावं लागतं. आणि सगळ्यात मोठी अडचण रिकाम्या रकान्याची. पाऊस पडला नाही म्हणून रिकामा, की मोजणारा रजेवर होता म्हणून रिकामा? आपण अहवालात निरंक लिहितो ना, त्याची किंमत मला इथे कळली. माहिती निरंक असणं आणि माहिती नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०१४ साली खात्याने १९०१ पासूनचा देशाचा रोजचा पाऊस चौकोन पाडून मांडला. त्यासाठी ६९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या. एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण २६-२७ किलोमीटर बाजूचा. आपला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटर, तर हिशेबाने वीसेक चौकोन. हे आकडे खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावरून कुणालाही फुकट घेता येतात. कृषी विभागाच्या संकेतस्थळावर अलीकडच्या वर्षांचा तालुकावार, मंडळवार पाऊस दिसतो. पालकांनी हे जरूर बघावं, कारण चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तरच मंडळात अतिवृष्टी धरतात, आणि पुढची नुकसानभरपाई त्यावर अवलंबून असते.

इंग्लंडमध्ये तर २०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या सुमारे १६ हजार सामान्य लोकांनी पावसाची ६५ हजार हस्तलिखित पानं संगणकावर उतरवली, ५० लाखांहून जास्त आकडे, तेही तीन आठवड्यांच्या आत. त्यात शिक्षक असणारच, पैज लावते.

मी आमच्या जुन्या गावाचा चौकोन शोधायचं ठरवलं. फाईल उतरवली, पण ती उघडेना. ती साध्या तक्त्यासारखी नसते, त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो. नावाला सर्वांसाठी खुली, पण प्राथमिक शाळेच्या मास्तरणीला बंदच. शेवटी इंजिनियरिंगला असलेल्या भाच्याने एका संध्याकाळी ती उघडून मला साध्या तक्त्यात करून दिली. रोजचा पाऊस, शंभराहून जास्त वर्षांचा, माझ्या मोबाईलवर!

मग एक गोष्ट लक्षात आली. त्या गावात सरकारी पर्जन्यमापक कधीच नव्हतं. म्हणजे चौकोनातला आकडा आजूबाजूच्या केंद्रांवरून काढलेला. मधे डोंगर, मधे घनदाट जंगल, एका नाल्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे ऊन, हे आपण सगळे बघतो. त्या गावात प्रत्यक्ष मोजलेला पाऊस फक्त गुरुजींच्या वहीत होता.

गुरुजींना फोन केला. वही गेल्याचं सांगितलं, माझ्या हातून गेल्याचंही. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की सुरुवातीची दोन वर्षं त्यांनी शाळेच्या वहीत नव्हे, घरच्या डायरीत लिहिली होती, ती माळ्यावर असेल, बघतो. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझे मिस्टर त्यांच्या गावी गेलो. डायरी एकच मिळाली, एका पावसाळ्याची. मी प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि डायरी त्यांच्याकडेच ठेवली. सहावी-सातवीच्या मुलांनी ते आकडे दोन दोन जणांनी मिळून तक्त्यात भरले, एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग अदलाबदल करून तपासायचं. कोऱ्या रकान्यात शून्य लिहायचं नाही, कोराच ठेवायचा, हे मी तीनदा सांगितलं.

तुमच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, मामा तलावाच्या कागदांत, घरच्या माळ्यावर अशी एखादी वही असेल तर फेकण्याआधी पानांचे फोटो काढा. गाव, वर्ष आणि मोजमापाचं एकक पहिल्या फोटोत दिसू द्या. आमचा तक्ता कुणाला नमुना म्हणून हवा असेल तर सांगा, पाठवते.